गुपित कुणाच्या मुठीत?

उमराव, खेड्यातली मुलगी, दोघांमध्ये एक गुपित आणि मागे एक जुना वाडा. अशी ऐतिहासिक प्रेमकथा आली की तिच्यावरचा वादही तिच्याइतक्याच ठरलेल्या वळणांनी जातो. एक बाजू म्हणते, असं कधी घडलंच नाही. सरदार खेडवळ पोरीशी लग्न करतो हे थोतांड आहे, सरंजामशाहीला दिलेला मुलामा आहे. दुसरी बाजू म्हणते, गोष्ट आहे हो, गोष्टीसारखी वाचा. दिवसभर राबलेल्या माणसाने रात्री दोन घटका कशात रमावं हेही आता तुम्हीच ठरवणार का? दोघेही हिरिरीने बोलतात आणि दोघांचाही नेम चुकतो. पहिल्यांचा इतिहास कच्चा आहे. दुसऱ्यांना, ज्या गोष्टीची ते बाजू घेतात, तिची ताकदच ठाऊक नाही. मला स्वतःला या कथा आवडतात, हे आधीच कबूल करतो. पण त्यातलं प्रेम खरं वाटतं का, हे मी दुसऱ्यांदा विचारतो. आधी विचारतो ते रहस्याबद्दल: गुपित कुणाच्या मुठीत आहे, आणि मूठ उघडल्यावर भुर्दंड कोण भरतं? याचं भान असलेली कथा आणि नसलेली कथा यांत, मुखपृष्ठं कितीही सारखी असोत, जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

‘असं घडलंच नाही’ म्हणणाऱ्यांसाठी एक घडलेली गोष्ट. इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यात ग्रेट बोलस नावाचं खेडं आहे. 1789 च्या सुमारास तिथे एक परका माणूस येऊन राहिला. वय पस्तिशीचं, वागणं खानदानी, खिशात पैसा. पण पैसा येतो कुठून ते कुणाला कळेना. हा वाटमाऱ्या असावा अशी गावात कुजबुज होती, असं सांगतात. त्याने आपलं नाव जॉन जोन्स असं सांगितलं आणि 13 एप्रिल 1790 रोजी गावच्या चर्चमध्ये एका शेतकऱ्याच्या मुलीशी, सारा हॉगिन्सशी, लग्न केलं. सारा तेव्हा सोळा वर्षांची होती. पुढे 1793 च्या डिसेंबरात एक उमराव निपुत्रिक वारला आणि उलगडा झाला: जॉन जोन्स म्हणजे त्याचा पुतण्या हेन्री सेसिल, आता एक्झीटरचा दहावा अर्ल, बर्ली हाउस या अवाढव्य वाड्याचा धनी. शेतकऱ्याची पोर काउंटेस झाली. टॉमस लॉरेन्सने काढलेल्या चित्रात ती नवऱ्यासोबत आणि लहानग्या मुलीसोबत आहे. 18 जानेवारी 1797 ला, चौथ्या बाळंतपणानंतर तीनच आठवड्यांच्या आत, ती वारली. वय तेवीस.

एवढ्यावर कादंबरी सहज उभी राहते. आणि राहिलीच, म्हणजे निदान कविता तरी. इंग्रज कवी टेनिसनने 1842 साली छापलेल्या कवितेत नवरा गरीब चित्रकार म्हणून गावात येतो, लग्नानंतर बायकोला एकेक वाडा दाखवत नेतो आणि शेवटच्या, सगळ्यांत मोठ्या वाड्यात शिरल्यावर म्हणतो, हे सगळं तुझं-माझं. गुपित म्हणजे काय, तर गोड धक्का. नायिका त्या मोठेपणाच्या ओझ्याखाली हळूहळू खंगते आणि मरते, कारण असल्या मानासाठी तिचा जन्मच नव्हता.

आता तेच गुपित कागदपत्रांतून बघा. एप्रिल 1790 मध्ये हेन्री सेसिलचं एक लग्न झालेलं होतं. पहिली बायको आदल्या वर्षी एका पाद्र्याबरोबर निघून गेली होती, हे खरं. पण इंग्लंडात तेव्हा पुनर्विवाहाची मुभा देणारा घटस्फोट हवा तर त्यासाठी संसदेत स्वतंत्र कायदा मंजूर करून घ्यावा लागे, आणि तो झाला 1791 मध्ये. म्हणजे बोलसच्या नोंदवहीतलं लग्न खोट्या नावाचं तर होतंच, शिवाय कायद्याच्या लेखी ते लग्नच नव्हतं. ऑक्टोबर 1791 मध्ये लंडनच्या एका चर्चमध्ये त्याने खऱ्या नावाने साराशी पुन्हा लग्न केलं. मधले जवळजवळ अठरा महिने मोजा. त्या काळात तो घोड्यावरून पडून मेला असता तर सारा कोण ठरली असती? विधवा नाही. जॉन जोन्सची बायको म्हणावं तर जॉन जोन्स नावाचा माणूसच नाही. त्या काळात मूल झालं असतं तर ते अनौरस. गुपित फुटलं असतं तर उमरावाची चार दिवस नाचक्की झाली असती. तिचं मात्र उरलेलं आयुष्य त्या गावात गेलं असतं. कवितेतली बायको मोठेपणाने मरते. खरी सारा बाळंतपणानंतर मेली, जशा तिच्या काळातल्या असंख्य बायका मेल्या, वाड्यातल्या आणि झोपडीतल्याही. गोष्ट रचताना पहिली बायको वगळली, द्विभार्या लग्न वगळलं, बाळंतपण वगळलं. म्हणून तर गुपित इतकं गोड झालं.

इथे समोरून एक बळकट आक्षेप येतो आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. तुम्ही त्या मुलीला नुसतं बळी करून टाकता. तिला काही कळत नव्हतं? तिला निवड नव्हती? खेड्यातल्या बाईला प्रेम करता येत नाही, तिच्या वाट्याला फक्त फसणं येतं, असं म्हणणं हाही एक प्रकारचा उमरावी तुच्छपणाच नाही का? आहे. आणि माणसं एकमेकांवर उतरंडीच्या आरपार जीव लावत आली आहेत, याचे पुरावे ढिगाने आहेत. ऑस्ट्रियाचा आर्चड्यूक योहान, म्हणजे सम्राटाचा सख्खा भाऊ, 1819 साली आउसे गावच्या पोस्टमास्तरच्या मुलीला, आना प्लोख्लला भेटला. लग्न झालं 1829 मध्ये. दहा वर्षं त्याने भावाच्या परवानगीसाठी काढली. ना नाव बदललं, ना परवानगीवाचून लग्न उरकलं. (पुढे 1850 मध्ये हा आर्चड्यूक श्टाइन्झ नावाच्या गावाचा निवडून आलेला नगराध्यक्ष झाला. ही तपशिलाची चैन एखाद्या कादंबरीकाराने केली असती तर आपण म्हटलं असतं, जरा अतिच झालं.) आनाच्या गोष्टीत प्रेम आहे, चिकाटी आहे, विरह आहे. रहस्य मात्र नाही. ते नाही म्हणूनच भुर्दंड दोघांत बराचसा वाटला गेला, असं मला वाटतं.

आता दुसऱ्या टोकाचं उदाहरण घेऊ, जिथे प्रेमाबद्दल मला शंका नाही. प्रास्कोव्या कोवाल्योवा 1768 साली रशियात एका भूदास लोहाराच्या घरी जन्मली. लहानपणीच तिला मालकाच्या, म्हणजे शेरेमेत्येव घराण्याच्या, कुस्कोवोच्या हवेलीत नेलं, गाणं शिकवलं, रंगमंचावर उभं केलं. तिथल्या नट्यांना रत्नांवरून नावं देत. हिचं झालं झेम्चुगोवा, मोत्याची. थोरल्या काउंटचा मुलगा निकोलाय तिच्या प्रेमात पडला. 1798 मध्ये त्याने तिला दास्यातून मुक्त केलं, नोव्हेंबर 1801 मध्ये मॉस्कोत गुपचूप लग्न केलं. फेब्रुवारी 1803 मध्ये मुलगा झाला आणि तीन आठवड्यांच्या आत ती गेली. मॉस्कोत गोरगरिबांसाठी बांधायला घेतलेला मोठा आश्रम आणि रुग्णालय त्याने तिच्या आठवणीला वाहिलं. 1810 मध्ये ते उघडलं, इमारत आजही उभी आहे. खोटं प्रेम असं बांधकाम करत नाही.

पण या लग्नासाठी एक कागद तयार करावा लागला, तो मला त्या रुग्णालयापेक्षा जास्त बोलका वाटतो. प्रास्कोव्याचं घराणं मूळचं पोलंडचं, कोवालेव्स्की नावाच्या सरदारांचं, अशी वंशावळ बनवून घेतली गेली. कोवाल म्हणजे लोहार. लोहाराच्या ऐरणीवरूनच आडनाव उचललं आणि त्याला सरदारी शेपूट जोडलं. उमरावाला बायको मिळावी म्हणून खेडुताचा बाप कागदावरून पुसला गेला. यात गुपित कुणाचं? काउंटचं. लपवलं काय गेलं? तिचं घर. ती त्याच्यावर प्रेम करत होती का? बहुधा हो. ‘नाही’ म्हणायची सोय 1798 पूर्वी तिला होती का? नव्हती, कारण ती त्याची मालमत्ता होती; त्या देशात उमरावाची श्रीमंती किती भूदास ‘जीव’ पदरी आहेत यावर मोजत. प्रेम खरं असणं आणि नकाराची सोय नसणं, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. चांगल्या कादंबरीला हे पेलतं. वाईट कादंबरी यातलं एक काहीतरी पडद्याआड ढकलते. आणि तिच्यावर टीका करणारे उरलेलं दुसरं ढकलतात.

टीकाकारांच्या बाजूलाही एक सवय लागली आहे, तीही सांगायला हवी. सरंजामी जुलूम म्हटला की त्यांना पहिल्या रात्रीचा हक्क आठवतो: खेड्यात लग्न झालं की नवरीची पहिली रात्र जमीनदाराची. मध्ययुगीन युरोपात असा कायदेशीर हक्क होता याला विश्वासार्ह पुरावा नाही. अलँ बुरो या फ्रेंच इतिहासकाराने 1995 मध्ये या दंतकथेची कुळकथा पुस्तकभर उलगडून दाखवली. जे खरोखर होतं ते दिसायला रुक्ष आहे. इंग्लंडात बांधलेल्या कुळाला मुलीचं लग्न करताना मालकाला ‘मर्चेट’ नावाचा पैसा मोजावा लागे. जबरदस्ती होत नव्हती असं कुणीच म्हणणार नाही. ती हक्कावाचूनही होत होती, तेवढी मालकाची ताकद होतीच. पण भडक दंतकथेच्या नादात तो मर्चेटचा हिशोब कुणाच्या लक्षातच राहत नाही, आणि खेड्याचं जगणं तर त्या हिशोबात होतं. एका नाण्यापायी अडलेलं लग्न, हे रहस्यकथेला किती सुंदर पहिलं पान आहे!

आणि हा वाद काही आज निघालेला नाही. 1740 मध्ये रिचर्डसनची ‘पामेला’ आली, मालक आणि मोलकरणीची गोष्ट, शेवटी लग्न. सगळं इंग्लंड दोन तटांत वाटलं गेलं. 1741 मध्ये फील्डिंगने विडंबन लिहून मोलकरणीला पाताळयंत्री ठरवलं. तिचं शील खरं की सोंग, यावर दोन्ही तट तावातावाने भांडले. मला त्या कादंबरीतली एक साधी गोष्ट विसरता येत नाही. पामेला आपली पत्रं आणि रोजनिशी घाघऱ्याच्या आत शिवून ठेवते, कारण मालक तिची पत्रं वाचतो. मालकाच्या घरात कुलूपबंद कपाटं असतात. मोलकरणीचं कपाट म्हणजे तिचे अंगावरचे कपडे. गुपित ठेवायला जागा लागते, आणि जागा कुणाकडे किती आहे यावर सगळा खेळ ठरतो. तिच्या शीलावर तासन्‌तास बोलणाऱ्यांपैकी कितीजणांना ती शिवण दिसली?

म्हणून ‘गोष्टच तर आहे’ हे मला पटत नाही. वाचक भोळा नसतो हे मान्य. कादंबरी वाचून कुणी उमरावाची वाट बघत बसत नाही. पण गोष्ट माणसाला काय करायला लावते एवढाच तिचा परिणाम नसतो. कुठे बघायचं याची सवयही ती लावते. शंभर कथांमध्ये रहस्य म्हणजे उमरावाची बंद खोली, उमरावाची पहिली बायको, उमरावाचा भूतकाळ. आणि गावकरी माणूस म्हणजे हातात मेणबत्ती घेऊन जिन्यावर उभा असलेला प्रेक्षक. त्याला स्वतःचं असं लपवण्यासारखं काही नसतंच. निरागस, निर्मळ, पारदर्शक. पारदर्शक म्हणजे, सरळ सांगायचं तर, रिकामा. खेड्यात गुपितं नसतात असं ज्याला वाटतं तो खेड्यात कधी राहिलेला नसावा.

वास्तविक रहस्यकथा हा या विषयासाठी सगळ्यांत प्रामाणिक साचा आहे. कारण इतिहासात खेडूत भेटतो तो चौकशीतच. उमरावाची पत्रं, तसबिरी, खर्चाच्या वह्या वाड्याच्या दप्तरखान्यात जपल्या जातात. गावातल्या बाईचे शब्द कागदावर येतात ते कुणीतरी तिला जाब विचारला म्हणून. फ्रान्समध्ये 1556 च्या राजाज्ञेने अविवाहित गरोदर बाईला आपलं गरोदरपण अधिकाऱ्यापुढे नोंदवायला लावलं. त्या जबान्यांत बापाचं नाव येई, कुठे भेटले ते येई, त्याने काय वचन दिलं ते येई. इंग्लंडात सुईणी ऐन कळांच्या वेळी बाईला बापाचं नाव विचारत. त्या क्षणी ती खोटं बोलणार नाही असं मानलं जाई आणि मूल गावच्या खर्चात पडू नये ही गावाची काळजी असे. ही खोली डोळ्यांपुढे आणा. कळा येताहेत, वाकलेली सुईण पुन्हा पुन्हा विचारते आहे, कोण? आणि नाव वाड्यावरचं आहे. सांगावं तर घर, शेत, बापाची कुळवहिवाट सगळं त्याच वाड्याच्या हाती. न सांगावं तर पोर बेवारस. रहस्य म्हणतात ते याला. इथे गुपित बाईच्या मुठीत आहे, आणि ती मूठ उघडण्याची किंमत तिला नेमकी ठाऊक आहे. बंद खोलीच्या चावीपेक्षा हे कितीतरी भेदक नाही का?

चोरून केलेल्या लग्नाचंही तसंच. 1563 मध्ये ट्रेंटच्या कॅथलिक धर्मसभेने पाद्री आणि साक्षीदार सक्तीचे करेपर्यंत चर्चच्या दृष्टीने दोघांनी एकमेकांना दिलेला शब्द हेच लग्न होतं. इंग्लंडात तशी सक्ती 1753 च्या कायद्याने आली. शब्द हेच लग्न, हे ऐकायला फार काव्यात्म वाटतं. पण उमरावाने शब्द फिरवला तर सिद्ध कोण करणार? बव्हेरियाच्या ड्यूकचा मुलगा आल्ब्रेख्त आणि ऑग्सबर्गच्या न्हाव्याघरची म्हणून ओळखली जाणारी आग्नेस बेर्नाउअर यांचं लग्न झालं होतं की नाही, हे आजही कागदाने दाखवता येत नाही. 12 ऑक्टोबर 1435 रोजी सासऱ्याने तिला श्ट्राउबिंगजवळ डॅन्यूबमध्ये बुडवून मारलं. पुढच्या वर्षी आल्ब्रेख्तने राजघराण्यातल्या मुलीशी लग्न केलं आणि त्याच सासऱ्याने आग्नेससाठी प्रार्थनामंदिर बांधलं. युरोपातल्या राजघराण्यांनी यावर ‘डाव्या हाताचं लग्न’ नावाची पळवाट काढली: बायको म्हणून मान्यता, पण तिच्या मुलांना गादी नाही. आपल्याकडे हे एका कोळ्याने केव्हाच ओळखलं होतं. शंतनू सत्यवतीला मागणी घालायला आला तेव्हा दाशराजाने हुरळून न जाता पहिली अट घातली, हिचाच मुलगा गादीवर बसेल. त्या अटीपायी भीष्माची प्रतिज्ञा आली, पुढचं महाभारत आलं, सगळं खरं. पण उमरावाचं प्रेम कितीही खरं असलं तरी करार आधी करावा, हे त्या नदीकाठच्या माणसाला कळत होतं. प्रेमकथा लिहिणाऱ्यांनी त्याला लोभी म्हातारा करून टाकलं.

आणि शकुंतला. मराठी संगीत रंगभूमीची सुरुवातच 1880 मध्ये तिच्या गोष्टीने झाली, त्यामुळे ती आपल्याला पाठ आहे असं आपण समजतो. महाभारतात अंगठी नाही, शाप नाही. दुष्यंताला सगळं आठवत असतं. भर दरबारात तो ओळख नाकारतो, आणि शकुंतला त्याच्यासमोर उभी राहून त्याला धर्म सुनावते, बाईमाणसाला सहसा मिळत नाही इतकं लांबलचक बोलते. आकाशवाणी झाल्यावर राजा म्हणतो, मला ठाऊक होतं, पण नुसत्या तिच्या शब्दावर स्वीकारलं असतं तर लोकांना संशय आला असता. कालिदासाने यात दुर्वासाचा शाप आणि हरवलेली अंगठी घातली. नाटक अजरामर झालं, यात वाद नाही. पण त्या एका युक्तीने राजा निर्दोष सुटला. नाकारणं हे पाप उरलं नाही, विस्मरण झालं. आणि दोष सरकत सरकत ऋषीची चाहूल न लागलेल्या, पाण्यात अंगठी हरवलेल्या मुलीकडे आला. सारा हॉगिन्सच्या गोष्टीतून टेनिसनने जे वगळलं आणि शकुंतलेच्या गोष्टीत कालिदासाने जे घातलं, त्याचा फायदा दोन्हीकडे एकालाच झाला.

तरीही कालिदास कालिदास होता. सहाव्या अंकाच्या तोंडाशी त्याने एक लहानसा प्रवेश ठेवला आहे. रहस्याचा उलगडा करणारी वस्तू कुणा मंत्र्याला सापडत नाही, एका धीवराला माशाच्या पोटात सापडते. ती विकायला तो बाजारात जातो आणि चोर म्हणून पकडला जातो. हात बांधलेले, दोन शिपाई त्याला मारत नेताहेत, त्याच्या धंद्याची टिंगल चालली आहे. तो म्हणतो, जन्माने वाट्याला आलेलं काम लोकांनी निंदलं म्हणून सोडू नये. दयाळू ब्राह्मणसुद्धा यज्ञात पशू मारतोच. एक शिपाई तर याच्या गळ्यात वधाची माळ कधी घालतो म्हणून हात शिवशिवत असल्याचं सांगतो. मग अंगठी राजाकडे जाते, राजाला सगळं आठवतं, त्याचे डोळे भरून येतात, आणि अंगठीच्या मोलाइतकं बक्षीस बाहेर येतं. धीवर त्यातलं निम्मं शिपायांना देऊन टाकतो. लगेच तो त्यांचा जिवलग मित्र ठरतो आणि सगळे मिळून दारूच्या दुकानाकडे निघतात. त्या दोन शिपायांना नाटकात नावं आहेत, सूचक आणि जानुक. धीवराला नाव नाही.